उरणचे घर : खारा वारा आणि मोबाइलमधले नकाशे

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच मोरा बंदराला लागते, तेव्हा एका बाजूस न्हावा-शेवा बंदराच्या अजस्र क्रेन्स दिसतात आणि समोर द्रोणागिरीचा डोंगर उभा असतो. उरणला जाण्याचा हा जुना मार्ग. जानेवारी २०२४ मध्ये उपनगरी रेल्वे उरणपर्यंत पोहोचली, त्याच महिन्यात शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूही खुला झाला आणि मुंबईकरांना आजवर आडबाजूचा वाटणारा हा तालुका एकदम जवळ आला. जमिनीचे भाव आणि भूखंडांचे व्यवहार यांची चर्चा तर आहेच. पण गावागावांतून आणखी एक प्रश्न ऐकू येतो. आजोबांचे कौलारू किंवा वडिलांनी बांधलेले सिमेंटचे घर पाडून नवे बांधायचे, तर ते कसे?

या चर्चेत घरातील विशी-पंचविशीच्या मुलामुलींचा शब्द आता वडीलधाऱ्यांइतकाच चालतो. पूर्वी घराचा नकाशा गावातला गवंडी किंवा शहरातला ओळखीचा ड्राफ्ट्समन काढीत असे. आज मुले मोबाइल पुढे करतात. समान आवडीच्या तरुणांचे गट देशोदेशीच्या घरांची छायाचित्रे, आराखडे, खर्चाचे आकडे एकमेकांना पाठवतात. त्यात जहाजी कंटेनरची घरे असतात, मातीची घरे असतात, काचेच्या भिंतींची आणि छतावर सौरपट्ट्या मिरवणारीही असतात. पर्यावरणाशी जुळवून घेणारे घर हवे, ही या पिढीची मागणी मनापासूनची आहे आणि तिचे स्वागतच करायला हवे. अडचण एवढीच की छायाचित्राबरोबर तिथले हवामान आणि तिथली जमीन येत नाही. यातील पुष्कळशी घरे कोरड्या किंवा थंड प्रदेशांतली असतात. उरणच्या घराला मात्र खारा वारा, बारमाही दमटपणा, दोन हजार मिलिमीटरच्या वर जाणारा पाऊस आणि बहुधा अगदी आखूड भूखंड, या चारही गोष्टींशी एकाच वेळी सामना करावा लागतो.

जुने घर काय करीत असे

उरण परिसरातील आगरी, कोळी, कराडी समाजाची जुनी घरे पाहिली, तर त्यांत शोभेपेक्षा हिशेब अधिक दिसतो. काळ्या दगडाचे उंच जोते ही त्यांतली पहिली गोष्ट. खाडीच्या उधाणाचे आणि पावसाचे पाणी उंबऱ्याशी येऊ नये, शिवाय जमिनीतली खारट ओल भिंतीत चढू नये, असे दुहेरी काम ते करीत असे. त्यावर विटेची किंवा ऐपतीप्रमाणे कारवीच्या कुडाची, मातीने लिंपलेली भिंत. पुढे ओटी किंवा पडवी, मध्ये काळोखे पण थंड माजघर, त्यावर भात, मीठ, जाळी आणि अडगळ ठेवण्याचा माळा, मागे चूल, न्हाणी आणि परसू. माळ्याचे महत्त्व आपण विसरलो आहोत. उन्हाने तापलेले कौलाचे छप्पर आणि माणसे राहतात ती खोली यांच्यामध्ये हवेचा एक जाड थर माळ्यामुळे राहत असे; कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाई. मंगलोरी कौले कोकणात रुळली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यानंतर. त्यापूर्वी नळीची कौले किंवा पेंढा होता. पावसाच्या तोंडावर पश्चिमेकडील पडवीला माडाच्या झावळ्यांची झापे बांधली जात, म्हणजे झड आत येत नसे. दिवाळीनंतर ती सोडली की वारा पुन्हा मोकळा.

या घरांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. कुडाच्या भिंती दरवर्षी लिंपाव्या लागत, छप्पर शाकारावे लागे, वासे वाळवी खाई आणि ही सारी कामे घरातल्या बायकांच्या वाट्याला अधिक येत. ज्या सुनेने वीस वर्षे जमीन सारवली, तिने फरशीचा हट्ट धरला तर तिला पर्यावरणाचे धडे देण्याचा अधिकार शहरातल्या कोणालाही नाही.

बदल झाला तो मात्र केवळ आवडीनिवडीमुळे झाला नाही. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. पुढे तेल व वायूचे प्रकल्प आले, बोकडविऱ्याचे वायुविद्युत केंद्र आले, २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. भातशेती आणि मिठागरे गेली. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पाच शेतकरी हुतात्मे झाले आणि त्या लढ्यातूनच विकसित भूखंड परत देण्याची साडेबारा टक्क्यांची योजना पुढे आली. पण भूखंड मिळेपर्यंत कित्येक कुटुंबांत दुसरी-तिसरी पिढी उभी राहिली. गावठाण वाढले नाही, माणसे वाढली. परिणामी परसू आणि अंगण बांधकामाखाली गेले, घर वर चढले आणि शेजाऱ्याची भिंत हाताला लागेल इतकी जवळ आली. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ हा शब्दप्रयोग इथल्या राजकारणात रूढ झाला, तो या परिस्थितीतून. तेव्हा उरणमध्ये शाश्वत घराची चर्चा ऐसपैस मोकळ्या जागेवरच्या टुमदार बंगल्यापासून सुरू करणे फसवे ठरेल. ती बहुतेक वेळा चिंचोळ्या भूखंडावरील दुमजली-तिमजली घरापासूनच सुरू करावी लागते.

कंटेनरचा मोह

तालुक्यात रस्त्याच्या दुतर्फा कंटेनर यार्डे आहेत. रंगीबेरंगी लोखंडी पेट्यांच्या सात-आठ मजली राशी रोज डोळ्यांसमोर असताना इथल्या तरुणाला कंटेनरचे घर सुचले नाही तरच नवल. टाकाऊ वस्तूचा पुनर्वापर, झटपट उभारणी, हवे तेव्हा हलवण्याची सोय; कल्पना ऐकायला उत्तम आहे.

आता मापे पाहू. वीस फुटी कंटेनर बाहेरून सुमारे ६.०६ मीटर लांब, २.४४ मीटर रुंद आणि २.५९ मीटर उंच असतो. आतली रुंदी भरते साधारण २.३५ मीटर. उरणच्या उन्हात पोलादी पत्रा तव्यासारखा तापतो, म्हणून आतून उष्णतारोधक थर देणे भागच असते. दोन्ही बाजूंना तो दिला की खोली जेमतेम सव्वासात फूट रुंद उरते. सहा फुटांची खाट आडवी टाकली की चालायला फूटभरच जागा. एवढे करूनही वातानुकूलन लावावेच लागते. ते लावले की दमट हवेतले पाणी थंड पत्र्यावर जमते आणि थराच्या मागे, डोळ्यांआड, गंज सुरू होतो. खिडक्या-दारांसाठी नागमोडी पत्रा कापला की पेटीची ताकदही कमी होते, कारण कंटेनरचा पत्रा हा केवळ आच्छादन नसून भार पेलणारा भाग असतो. शिवाय कित्येक कंटेनरच्या तळाच्या प्लायवूडला कीटकनाशके लावलेली असतात. त्यावर लहान मूल रांगणार असेल तर ते प्लायवूड काढून टाकलेलेच बरे. साइटवरचे कार्यालय, पहारेकऱ्याची खोली, हंगामी दुकान यांसाठी कंटेनर ठीक आहे आणि उरणमध्ये तो तसा वापरात आहेही. कुटुंबाच्या कायम निवासासाठी मात्र, निदान या किनाऱ्यावर, तो स्वस्तही नाही आणि पर्यावरणपूरकही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मातीच्या घराबद्दल इतके कठोर होता येणार नाही. माती या हवामानात टिकते, हे जुन्या घरांनी सिद्ध केले आहे. पण उंच जोते आणि चारही बाजूंना किमान तीन फूट पुढे आलेले छप्पर या अटींवर. चिरनेरसारख्या आतल्या गावांत, डोंगराच्या कुशीत मोकळी जागा असेल तर हे साधते. गावठाणात शेजाऱ्याची भिंत दोन फुटांवर असताना तीन फुटांची वळचण काढणार कुठे? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ पासून ‘अस्त्र’ या गटाने विकसित केलेल्या, पाच ते आठ टक्के सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या विटा हा एक मधला मार्ग आहे. त्यासाठी खाडीकाठची चिकण माती मात्र चालत नाही. तिच्यातला क्षार वीट वाळल्यावर पांढऱ्या पावडरीच्या रूपाने बाहेर येतो आणि पोपडे निघतात. जांभा दगडाचेही आकर्षण तरुणांत दिसते. तो सुंदर दिसतो यात शंका नाही, पण तो रत्नागिरीकडून ट्रकने आणायचा आणि मग आपल्या घराला स्थानिक म्हणायचे, हे काही पटत नाही.

विद्यार्थ्यांनी बांधलेली घरे

तरुणांच्या सामूहिक प्रयत्नांतून काय निघू शकते, याचे उदाहरण खाडीच्या पलीकडेच आहे. मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांनी ‘टीम शून्य’ या नावाने, रचना संसदेच्या वास्तुकला विद्यार्थ्यांना सोबत घेऊन, सौरऊर्जेवर चालणारे घर रचले आणि २०१४ मध्ये फ्रान्समधील व्हर्साय येथे भरलेल्या ‘सोलर डेकॅथलॉन युरोप’ या स्पर्धेत ते उभे केले. पुढील तुकड्यांनी काम चालू ठेवले. २०२३ मध्ये अमेरिकेतील याच मालिकेच्या स्पर्धेत आयआयटीच्या संघाने दुसरा क्रमांक मिळवला, तो मुंबईच्या उष्ण-दमट हवेसाठी रचलेल्या घराबद्दल. भारतातही २०२० मध्ये ‘सोलर डेकॅथलॉन इंडिया’ सुरू झाली. वास्तुकला, स्थापत्य, यंत्र अभियांत्रिकी अशा वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी तिच्यात एकत्र येऊन खऱ्याखुऱ्या प्रकल्पासाठी शून्य-ऊर्जा इमारतीचा आराखडा करतात. पहिली आवृत्ती करोनाच्या काळात झाल्याने बरेचसे शिक्षण आणि चर्चा संगणकाच्या पडद्यावरूनच झाली.

या स्पर्धांत आराखड्याची छायाचित्रे पुरत नाहीत. घर वर्षाला किती वीज खाते, आतले तापमान आणि आर्द्रता किती राहते, खर्च किती येतो, हे मांडावे लागते. आवडलेल्या चित्राला हा प्रश्न विचारायची सवय उरणच्या तरुणांनी लावून घेतली तर निम्मे मोह आपोआप गळतील.

दुसरे उदाहरण जुने आणि त्याहून जवळचे आहे. सिडकोचे पहिले मुख्य वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजची रचना केली. सुमारे आठ मीटर चौरस अंगणाभोवती सात घरे, अशा लहान-लहान गटांची ती वसाहत. प्रत्येक घर स्वतंत्र भिंतींचे, म्हणजे शेजाऱ्याला धक्का न लावता कुटुंबाच्या गरजेप्रमाणे वाढवता येणारे. आज तिथली कित्येक मूळ घरे पाडून मोठी बांधली गेली आहेत, अंगणे मात्र पुष्कळशी तग धरून आहेत. गावठाणातील भावकीच्या तीन-चार घरांनी एकत्र येऊन एक सामाईक अंगण उघडे ठेवले, तर प्रत्येकाला मिळणारा वारा आणि उजेड एकट्याच्या कोणत्याही युक्तीपेक्षा अधिक असेल. भावकीत एवढे एकमत होणे किती अवघड, हे मी उरणकरांना सांगायला नको.

वारा, पाणी आणि छप्पर

दमट हवेत घाम सुकवतो तो वारा. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ काढली. तिच्यानुसार उष्ण-दमट प्रदेशात उघडता येणाऱ्या खिडक्या, झरोके आणि बाल्कनीच्या दारांचे क्षेत्रफळ घराच्या चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश हवे. संहिता मुळात पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी होती. पण तिचे गणित लहान घरालाही तितकेच लागू पडते. पाचशे चौरस फुटांच्या घराला सुमारे ८३ चौरस फूट उघडी जागा लागेल. आपण बसवतो त्या सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या निम्म्याच उघडतात. चार फूट बाय चार फुटांची अशी खिडकी आठच चौरस फूट वारा देते, म्हणजे दहा खिडक्या हव्यात. बिजागरीची, पूर्ण उघडणारी खिडकी बसवली तर पाच-सहांत भागते. वर छताजवळ एक झरोका आणि जिन्याच्या माथ्यावर जाळी ठेवली की गरम हवेला वाट मिळते. पश्चिमेची भिंत शक्यतो संडास, जिना, कपाटे यांना द्यावी, कारण दुपारनंतरचे ऊन तिकडूनच येते.

पाण्याचा हिशेब असाच करून पाहावा. हजार चौरस फुटांच्या छतावर दोन हजार मिलिमीटर पाऊस पडला तर १ लाख ८६ हजार लिटर पाणी होते. गळती-उडती वजा जाता दीड लाख धरू. हे सारे चार महिन्यांत येते आणि साठवायला जागा नसते, म्हणून कित्येकजण हा विचारच सोडून देतात. पण पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी पाच माणसांना रोज पन्नास लिटर पुरतात. दहा हजार लिटरची टाकी जोत्यात किंवा ओट्याखाली घेतली तर तेवढे पाणी दोनशे दिवस जाते, म्हणजे पाऊस संपल्यापासून जवळजवळ मे महिन्यापर्यंत. किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, त्या गावांत याचे मोल वेगळे सांगायला नको. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी सोडून द्यावे आणि टाकीच्या तोंडाशी गाळणी बसवावी, एवढे पथ्य पुरे.

जोत्याच्या उंचीत मात्र काटकसर नको. पाणजेसारख्या पाणथळ जागा भरतीचे पाणी पोटात घेत आल्या आहेत. आसपास भराव पडत गेले की ते पाणी दुसरीकडे वाट शोधते. रस्ते दरवर्षी उंच होतात, घरे तिथेच राहतात. नवे जोते धरताना आजच्या रस्त्यापेक्षा निदान दोन-अडीच फूट वर जावे.

गच्चीवर पत्र्याची शेड टाकण्याची इथली प्रथा वास्तुविशारदांना कुरूप वाटते. वास्तविक तिच्यात शहाणपण आहे: स्लॅब उन्हात तापत नाही, पावसात गळत नाही, मधून वारा वाहतो. हा जुन्या माळ्याचाच नवा अवतार. परवानगीचा प्रश्न वेगळा. धोका आहे तो वाऱ्याचा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर पत्रे पानांसारखे उडाले. पत्रा अडकवणाऱ्या हुकांऐवजी नट-बोल्ट, कडेला दुप्पट बोल्ट आणि खांब स्लॅबमध्ये पक्के रोवलेले असावेत. सौरपट्ट्या बसवायच्या असतील तर हाच सांगाडा कामी येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान ठरवण्यात आले. असा संच दिवसाला साधारण बारा युनिट देतो. घेताना खाऱ्या हवेची चाचणी झालेल्याच पट्ट्या मागाव्यात. विजेचे मोल याच तालुक्यातील घारापुरी बेटाला विचारावे. मोराबंदर, शेतबंदर, राजबंदर या तिथल्या वस्त्यांनी समुद्राखालून आलेल्या केबलची वीज पाहिली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, तोवर संध्याकाळचे काही तास डिझेल जनित्रावर भागत असे.

सळई आणि मीठ

इतके सारे वाचूनही दहांतील नऊजण आरसीसीचेच घर बांधणार, हे उघड आहे. आखूड भूखंडावर तीन मजले चढवायचे तर दुसरा पर्यायही नाही. म्हणून या किनाऱ्यावर घर शाश्वत आहे की नाही, हे सौरपट्टीपेक्षा काँक्रीटच्या आतल्या सळईवरून अधिक ठरते. पंचवीस-तीस वर्षांत पाडावे लागणारे घर, त्यावर कितीही हिरवळ लावली तरी, पर्यावरणाचे नुकसानच करते.

हवेतले मीठ काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरते आणि सळईपर्यंत पोहोचले की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्या दाबाने स्लॅबचा खालचा थर फुगून ढलप्या पडतात. ऐंशी-नव्वदच्या दशकांतील अनेक घरांच्या बाल्कन्या आज अशाच दिसतात. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीने याचा बंदोबस्त सांगितला आहे: समुद्रकिनाऱ्याच्या हवेला उघड्या काँक्रीटसाठी किमान एम-३० प्रत, पाणी-सिमेंटचे प्रमाण ०.४५ पेक्षा अधिक नाही आणि सळईवर ४५ मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन इंच आवरण. प्रत्यक्षात कंत्राटदार एम-२० चे काँक्रीट आणि पाऊण इंचाचे आवरण देतो, कव्हर ब्लॉकऐवजी सळईखाली खडी सरकवतो आणि माल सैल व्हावा म्हणून पाण्याचा आणखी एक डबा ओततो. खाडीची रेती न धुता वापरली किंवा मचूळ विहिरीचे पाणी घातले तर मीठ पहिल्या दिवसापासूनच आत असते. आरसीसीसाठी पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून अधिक क्लोराइड चालत नाही आणि ही तपासणी कोणतीही पाण्याची प्रयोगशाळा करून देते. राखमिश्रित किंवा धातुमळीचे सिमेंट मिठाला अधिक दाद देत नाही. त्यावर पाणी मात्र निदान दहा दिवस, शक्य तर चौदा दिवस मारावे लागते.

जुने घर पाडताना सागवानी खांब, दारे, चौकटी आणि शाबूत कौले बाजूला काढून ठेवावीत. भंगारवाला त्यांची जी किंमत करतो तिच्या कितीतरी पट ती नव्या घरात वाचवतात. लॉरी बेकर यांनी केरळात रुळवलेल्या पद्धतीने जुनी कौले स्लॅबच्या खालच्या भागात भरली तर काँक्रीटचीही बचत होते. मात्र तेव्हा सळईवरचे आवरण कौलांपायी कमी होणार नाही, हे स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्यावे लागते.

मोबाइलवर नकाशे धुंडाळणाऱ्या घरातील तरुणाने स्लॅब ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी एक मोजपट्टी घेऊन सेंट्रिंगवर चढावे. दर तीन-चार फुटांवर कव्हर ब्लॉक आहेत का, ते ४५ मिलिमीटरचे आहेत का, बाल्कनीच्या वरच्या सळया कामगारांच्या पायाखाली दबल्या आहेत का, हे पाहायला अर्धा तास लागतो. दुसऱ्या दिवशी मिक्सर सुरू झाल्यावर ते पाहता येत नाही.